चोवीस बिटांच्या आधी: एका करंट-मापन बेंचची अचूकता कशी सुधारली

मागणी एका ओळीची होती. लॉगरमधला (मोजून नोंद ठेवणाऱ्या पेटीतला) एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १६ बिटांचा आहे, तो काढून २४ बिटांचा बसवा, म्हणजे रीडिंग नीट येतील. बॅटरी तपासायचा बेंच होता, त्यावर करंट मोजणारी साखळी होती आणि तिच्या आकड्यांवर आता कोणाचाच भरवसा उरला नव्हता. काम हाती घेताना आम्ही आधी वेगळाच प्रश्न विचारला: चूक नक्की किती आहे, आणि सिग्नल एडीसीपर्यंत पोचायच्या आधीच त्यातली किती होऊन गेलेली असते?

बेंच आणि तक्रारी

बेंच साधाच. बॅटरी लोडमधून, म्हणजे करंट खाणाऱ्या उपकरणातून, ठरावीक करंटने रिकामी करायची, करंट आणि वेळेचा गुणाकार साठवत जायचा आणि व्होल्टेज ठरलेल्या तळाला टेकलं की किती अँपिअर-तास निघाले ते पाहायचं. करंट १० ते १०० अँपिअर. बॅटरीच्या ऋण बाजूच्या केबलमध्ये १०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेला ठरावीक, अगदी लहान रोध), म्हणजे अर्धा मिलिओहम. त्याच्यावरचं व्होल्टेज लॉगरच्या पेटीतल्या इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरमध्ये ४० पट होतं. १०० अँपिअरला ते २ व्होल्ट भरतं आणि २.५ व्होल्ट रेफरन्सच्या (ज्याच्याशी ताडून एडीसी मोजतो त्या स्थिर व्होल्टेजच्या) १६ बिटांच्या एडीसीत जातं. एडीसी दर सेकंदाला एक नमुना घेतो आणि यूएसबीवरून लॅपटॉपला देतो. अपेक्षित अचूकता १०० अँपिअरला वाचनाच्या ०.१ टक्क्याच्या आत, १० अँपिअरला ०.२ टक्क्यांच्या आत.

तक्रारी तीन होत्या. तीच बॅटरी सकाळी आणि दुपारी तपासली तर क्षमता वेगळी येते. करंट शून्य असतानाही पडद्यावर ०.१२ अँपिअर दिसतात. आणि करंट स्थिर असला तरी आकडा डुलत राहतो. प्रत्येक तक्रारीला वापरणाऱ्यांनी आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. सकाळ-दुपारचा फरक बॅटरीच्या तापमानाचा, शून्यावरचे ०.१२ ‘असतातच’, आणि डुलणं बिटांच्या कमतरतेचं.

बिटांचा हिशोब कागदाच्या एका कोपऱ्यात मावतो. २.५ व्होल्ट भागिले १६ बिटांच्या ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी ३८ मायक्रोव्होल्टची. ॲम्प्लिफायरच्या आधी, शंटच्या टोकांवर, ती ४० पट लहान, म्हणजे जेमतेम १ मायक्रोव्होल्ट. १० अँपिअरला शंटवर ५ मिलिव्होल्ट असतात. त्यात १ मायक्रोव्होल्ट म्हणजे ०.०२ टक्का, अपेक्षेचा दहावा हिस्सा. सगळ्यात नाजूक बिंदूलासुद्धा १६ बिट पुरून उरत होते. एडीसी बदलणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

हाच हिशोब पुढच्या सगळ्या कामाची पद्धत ठरला. प्रत्येक चूक, मग ती बोल्टची असो, अर्थिंगची असो की रेफरन्सची, शंटच्या टोकांवर आणून मायक्रोव्होल्टमध्ये लिहायची. एक दोष पीपीएम (दशलक्षातले भाग) प्रति अंशात, दुसरा डेसिबलमध्ये आणि तिसरा अँपिअरमध्ये लिहिला की कोणता मोठा ते कळत नाही, आणि मग ज्याचं नाव भारदस्त त्याच्यावर पैसा खर्च होतो. इथे वहीच्या वरच दोन आकडे लिहून ठेवले. १० अँपिअरला एकूण सूट १० मायक्रोव्होल्ट, १०० अँपिअरला ५०.

स्क्रूला हात लावण्याआधी

दुरुस्तीच्या घाईत सर्वांत जास्त नुकसान होतं ते आहे त्या अवस्थेतली नोंद न घेतल्यामुळे. एकदा बोल्ट आवळला, पॉट (वाढीचा गुणक जुळवायचा स्क्रू) फिरवला की जुनी चूक कायमची हरवते. मग त्या चुकीसकट काढलेल्या जुन्या निकालांचं काय करायचं, याला उत्तर राहत नाही. म्हणून पहिलं काम तुलनेचं. बेंचच्या शंटसोबत एक दाखला असलेला संदर्भ शंट त्याच केबलमध्ये एकापाठोपाठ जोडला. दोघांतून तोच करंट जातो, त्यामुळे लोडचा आकडा खरा की खोटा याची फिकीर करावी लागत नाही. संदर्भ शंटवरचं व्होल्टेज साडेसहा अंकी मल्टिमीटरने वाचलं.

पेटी थंड असताना, लॅपटॉप बॅटरीवर चालू असताना, खरे १०० अँपिअर वाहत होते तेव्हा लॉगरने १००.९६ दाखवले. खऱ्या १० अँपिअरला १०.२०. चार्जर लावला की १०० च्या बिंदूचा आकडा १००.७१ वर उतरला. पेटी तासभर तापल्यावर, चार्जरशिवाय, तोच १०१.१ च्या वर गेला. १० अँपिअरला दोन टक्के चूक, अपेक्षेच्या दहापट. त्यातली बहुतेक चूक जागच्या जागी टिकून होती, म्हणजे सापडण्याजोगी होती.

दाखला खरा होता

लॉगरला कॅलिब्रेशनचा ताजा दाखला होता आणि त्यात सगळे बिंदू पास. त्यावरून बरीच वादावादी झाली. दाखला नीट वाचला तर वादाचं कारण राहत नाही. प्रयोगशाळेने लॉगरच्या टर्मिनलवर कॅलिब्रेटरमधून मिलिव्होल्ट दिले होते. शंट तिथे नव्हता, शंटला जाणाऱ्या तारा नव्हत्या, शेजारी तापलेला लोड नव्हता. तपमान २३ अंश. एवढ्या परिस्थितीत लॉगर ठीक होता, आणि दाखला तेवढंच म्हणत होता.

दुसरी गोष्ट निकषाची. तिथे मर्यादा पूर्ण श्रेणीच्या ०.२ टक्के अशी धरली होती. पूर्ण श्रेणी ५० मिलिव्होल्ट, म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. लॉगरचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही दिसणारं व्होल्टेज, ६० मायक्रोव्होल्ट होता. पडद्यावरचे ०.१२ अँपिअर ते हेच, कारण ६० मायक्रोव्होल्ट भागिले अर्धा मिलिओहम. शंभरात साठ, पास. तेच ६० मायक्रोव्होल्ट १० अँपिअरच्या ५ मिलिव्होल्टवर बसले की १.२ टक्के होतात. उपकरण घेताना ‘०.२ टक्के’ एवढंच वाचून समाधान मानणारे बरेच भेटतात. कशाचे ०.२ टक्के, हे विचारणारे थोडे.

जाता जाता: हा ऑफसेट धन होता म्हणून दिसला तरी. एकाच दिशेचं व्होल्टेज वाचणाऱ्या एडीसीत तो ऋण असता तर आकडा शून्यावर अडून राहिला असता, पडदा स्वच्छ ०.०० दाखवत राहिला असता, आणि चूक फक्त करंट वाहू लागल्यावर लागू झाली असती. शून्यावर शून्य दिसतंय ही खात्री करून घेण्याची पद्धत अशा उपकरणात पुरत नाही. थोडासा माहीत असलेला करंट देऊन पाहावं लागतं.

बोल्टखालचे ५ मायक्रोओहम

६० मायक्रोव्होल्ट वजा केले तरी १०० अँपिअरला ०.८४ टक्के जास्त उरत होते. शंटच्या दाखल्यात रोध ०.४९९२ मिलिओहम होता, नावापेक्षा ०.१६ टक्के कमी. ०.५ वर्गाच्या, म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक चालणाऱ्या, शंटला हे चालतं. पण त्यामुळे लॉगरने ०.१६ टक्के कमी दाखवायला हवं होतं. म्हणजे कुठून तरी पूर्ण १ टक्का जादा येत होता. ५०० मायक्रोओहममध्ये १ टक्का म्हणजे ५ मायक्रोओहम.

शंटचं झाकण काढल्यावर शोधायला काही उरलं नाही. शंटच्या दोन्ही पितळी ठोकळ्यांवर दोन-दोन स्क्रू असतात: करंटच्या जाड केबलसाठी मोठा बोल्ट आणि व्होल्टेज घेण्यासाठी आतल्या बाजूला छोटा स्क्रू. या शंटचे छोटे स्क्रू रिकामे होते. लॉगरच्या बारीक तारांना गोल लग (टोकाची धातूची कडी) लावून ते थेट मोठ्या बोल्टखाली, जाड केबलच्या लगच्या वर, दाबले होते. दिसायला पक्कं, सुबक काम. पण व्होल्टेज आता मॅंगॅनिनच्या (शंटच्या मिश्रधातूच्या) पट्ट्यांबरोबर केबलचा लग आणि ठोकळा यांच्यामधल्या सांध्याचंही मोजलं जात होतं. दोन्ही बाजूंचे सांधे मिळून ५ मायक्रोओहम. चांगला आवळलेला सांधासुद्धा काही मायक्रोओहमचा असतो, तेव्हा यात आश्चर्य काहीच नाही. करंटच्या दोन तारा आणि व्होल्टेजच्या दोन तारा वेगळ्या ठेवायची ही युक्ती केल्विनच्या नावाने ओळखली जाते, आणि शंटवर ते छोटे स्क्रू याच कामासाठी दिलेले असतात.

या चुकीचा त्रास तिच्या आकारापेक्षा मोठा. सांध्याचा रोध बोल्ट किती आवळला, लगवर किती गंज चढला, किती तापला यावर बदलतो. बॅटरी बदलताना केबल ओढली गेली तरी बदलतो. असा दोष सॉफ्टवेअरमध्ये गुणक घालून भागत नाही, कारण उद्याचा गुणक वेगळा असतो. तारा छोट्या स्क्रूंवर हलवल्या आणि तो १ टक्का गेला. मग मुद्दाम मोठा बोल्ट अर्धा फेरा सैल करून पाहिला. लॉगरचा आकडा आता हलला नाही.

चार्जर लावला की आकडा खाली

चार्जर लावल्यावर १०० अँपिअरच्या बिंदूला पाव अँपिअर कमी दिसत होते. पहिला संशय नॉइजवर जातो. पण नॉइज आकडा वर-खाली हलवतो. इथे तो सरळ एका पायरीने खाली बसत होता आणि चार्जर काढला की परत वर. शिवाय ५० अँपिअरला फरक निम्मा. करंटच्या प्रमाणात बदलणारी चूक म्हणजे करंटला दुसरी वाट मिळालेली असण्याची शक्यता जास्त.

लोडचं ऋण टोक त्याच्या पेटीला जोडलेलं होतं आणि पेटी अर्थला. लॉगरचं ग्राउंड शंटच्या पलीकडच्या, म्हणजे बॅटरीकडच्या टोकाला. लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरमध्ये डीसीचं ऋण टोक अर्थला जोडलेलं होतं, आणि यूएसबीच्या तारेतून तेच लॉगरच्या ग्राउंडला येऊन मिळत होतं. वर्तुळ पूर्ण. शंटच्या एका टोकापासून अर्थमार्गे, चार्जरमधून, यूएसबी केबलमधून, दुसऱ्या टोकापर्यंत शंटला समांतर वाट तयार झाली. तिचा रोध मोजला तर ०.२ ओहम निघाला. अर्ध्या मिलिओहमला ०.२ ओहम समांतर म्हणजे चारशेत एक भाग, ०.२५ टक्के. १०० अँपिअरपैकी पाव अँपिअर शंटला वळसा घालून सिग्नल ग्राउंडच्या बारीक तारेतून जात होता. क्लॅम्प मीटर यूएसबी केबलभोवती लावल्यावर तो दिसलाही.

लॉगर इथे खोटं बोलत नव्हता. शंटमधून जेवढा करंट जातो तेवढाच तो दाखवत होता. फिल्टर, सरासरी, जास्त बिट, यातलं काहीही या ठिकाणी उपयोगी पडलं नसतं. उपाय एकच: वाट तोडणं. यूएसबी आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त डेटा जाऊ देणारा) बसवला आणि लॉगरला स्वतंत्र, अर्थपासून अलग असलेला पुरवठा दिला. चार्जर लावून-काढून आकडा शेवटच्या स्थानापर्यंत तोच राहिला. अर्थिंग सुरक्षेसाठी असतं, ते तोडून ग्राउंड लूप मिटवायचा धंदा कोणी करू नये. लोडची अर्थ जोडणी होती तशीच ठेवली.

अर्ध्या मिनिटाची लाट

आकड्याचं डुलणं जवळून पाहिलं तर ते अजिबात अनियमित नव्हतं. १० अँपिअरला आकडा ०.०४ ने वर जाई, मग तेवढाच खाली, आणि एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटात पुरी होई. कधी वीस सेकंदांत, कधी मिनिटभरात. हे पाहून लोड स्वतःच करंट हलवतो असं वाटलं असतं, पण संदर्भ शंटवरचा मल्टिमीटर निवांत होता.

अशी संथ लाट दिसली की नमुना घेण्याचा वेग आणि विजेची वारंवारिता शेजारी मांडून पाहावं. लॉगर दर सेकंदाला एक क्षणिक नमुना घेत होता. तारांवर ५० हर्ट्झची गुणगुण असेल आणि वीज नेमकी ५० हर्ट्झची असेल तर प्रत्येक नमुना लाटेच्या त्याच ठिकाणी पडेल आणि चूक स्थिर राहील. पण वीज कधीच नेमकी ५० नसते. ४९.९७ असली तर नमुने दर सेकंदाला थोडे सरकत जातात आणि ०.०३ हर्ट्झची, म्हणजे ३३ सेकंदांची खोटी लाट उभी राहते. ग्रिडची वारंवारिता जरा बदलली की लाटेचा काळही बदलतो. लाट ०.०४ अँपिअरची, म्हणजे शंटवर २० मायक्रोव्होल्ट.

एवढे २० मायक्रोव्होल्ट येतात कुठून, याचाही हिशोब लागला. शंटपासून लॉगरपर्यंतच्या दोन तारा सुमारे २ मीटर, एकमेकींपासून ३ सेंटिमीटर अंतर राखून, पीळ न घालता, लोडच्या ट्रान्सफॉर्मरजवळून नेल्या होत्या. ०.०६ चौरस मीटरचं वेटोळं. त्यात ५० हर्ट्झचं १ मायक्रोटेस्ला क्षेत्र असलं तरी जवळपास १९ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. तारांना घट्ट पीळ घालून त्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर नेल्यावर लाट बरीचशी बसली.

राहिलेली सॉफ्टवेअरने घालवली. क्षणिक नमुन्याऐवजी सेकंदाला १०,००० नमुने घेऊन २०० मिलिसेकंदांची सरासरी. २०० हा आकडा मुद्दाम निवडलेला: त्यात ५० हर्ट्झची बरोबर १० आवर्तनं बसतात आणि ६० हर्ट्झची १२, त्यामुळे दोन्ही वारंवारितांची गुणगुण सरासरीत रद्द होते. वीज ४९.९५ वर गेली तरी गुणगुणीचा हजारावा भागच उरतो. चांगले डिजिटल मल्टिमीटर हेच करतात. त्यांच्यावरचं एनपीएलसीचं सेटिंग म्हणजे विजेची किती आवर्तनं सरासरीत घ्यायची ते. आणखी एक फायदा बोनस मिळाला. सिग्नलमध्ये थोडा नॉइज असेल तर अशा सरासरीने एका पायरीच्या आतलं अंतरही वाचता येतं. २४ बिटांच्या मागणीतला जो काही व्यवहार्य भाग होता तो इथेच फुकट भागला.

या लाटेने अँपिअर-तासांचं फारसं बिघडवलेलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. तासन्‌तास चालणाऱ्या चाचणीत वरचं खालचं फिटून जातं. पण तिच्यामुळे दोन-चार सेकंद पाहून केलेली कोणतीही तपासणी निरर्थक झाली होती. ऑफसेट किती, गेन (वाढीचा गुणक) किती, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून दुसरे दोष तिच्या आड वर्षानुवर्षं सुखाने राहिले.

थंड होत जाणारा शून्य

१०० अँपिअरची चाचणी संपवून केबल सोडली तरी लॉगर थंड असतानाच्या शून्यावर लगेच येत नव्हता. ०.०२ अँपिअर जास्त दाखवी आणि काही मिनिटांत हळूहळू उतरे. करंट नाही, केबल नाही, तरी १० मायक्रोव्होल्ट. विजेचा दोष इतका आळशी नसतो. मिनिटांनी मोजावा लागतो तो उष्णतेचा.

१०० अँपिअर गुणिले ५० मिलिव्होल्ट म्हणजे शंटमध्ये ५ वॅट. शंटच्या एका बाजूची केबल बारीक होती आणि पंख्याची हवा दुसऱ्या बाजूलाच लागत होती. एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा ५ अंशांनी गरम. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे वेगवेगळ्या तपमानाला असले की त्यांच्यात व्होल्टेज तयार होतं, आणि मॅंगॅनिन-तांब्याच्या जोडीला ते दर अंशाला एक-दोन मायक्रोव्होल्ट असतं. मॅंगॅनिन शंटसाठी निवडतात त्याचं हे एक कारण. एडवर्ड वेस्टनने १८९२ मध्ये शोधलेला हा तांबं, मॅंगनीज आणि निकेलचा मिश्रधातू तपमानाने रोध फारसा बदलत नाही आणि तांब्याशी जोडल्यावर फारसं व्होल्टेजही काढत नाही. रोध तर कॉन्स्टंटनचाही स्थिर असतो, पण तांब्याबरोबर तो दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देतो. त्याचा शंट असता तर ५ अंशांना २०० मायक्रोव्होल्ट झाले असते. साधा टिन-शिशाचा सोल्डर तांब्याबरोबर १ ते ३ मायक्रोव्होल्ट देतो. क्रिम्प केलेला स्वच्छ तांब्याचा सांधा ०.२ च्या आत राहतो. गंजलेल्या तांब्याच्या ऑक्साइडचा आकडा हजाराच्या घरात जातो. टर्मिनल पॉलिश पेपरने घासायची सवय उगाच पडलेली नाही.

हा दोष पेटीच्या आत काहीही केलं तरी जात नाही. लॉगर आपलं इनपुट आतून शॉर्ट करून शून्य शोधू शकतो, पण त्यातून फक्त आतला ऑफसेट कळतो. शंटमधलं उष्णतेचं व्होल्टेज सिग्नलसोबतच आत येतं आणि सिग्नलसारखंच दिसतं. करंट उलटा करून दोन वाचनांचा फरक काढला तर ते रद्द होतं, पण बॅटरी रिकामी करताना करंट उलटा करणं शक्य नाही.

इथे शंटच बदलला. १०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टच्या जागी १५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा. रोध तोच अर्धा मिलिओहम, त्यामुळे गेन, सॉफ्टवेअर, काहीच बदलावं लागलं नाही. अंगाने मात्र तो मोठा. सतत चालणाऱ्या करंटसाठी शंट त्याच्या नावाच्या दोन-तृतीयांशापर्यंतच वापरावा असा बनवणाऱ्यांचा सल्ला असतो, आणि १५० च्या दोन-तृतीयांश बरोबर १००. जुना शंट पूर्ण नावाच्या करंटवर तासन्‌तास चालवला जात होता. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची केबल, हवा दोन्ही ठोकळ्यांना सारखी. चाचणी संपल्यावर उरणारं व्होल्टेज १० वरून २ मायक्रोव्होल्टच्या आत आलं.

पेटीच्या आत

आतलं काम सर्वांत कमी वेळात झालं, आणि लोकांना वाटतं तेवढं ते रंजकही नसतं. झाकण लावल्यावर पेटीतलं तपमान १५ अंशांनी चढत होतं. ॲम्प्लिफायरचा ड्रिफ्ट, म्हणजे तपमानाने ऑफसेटचं सरकणं, दर अंशाला १ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १५ मायक्रोव्होल्ट. एकट्यानेच १० अँपिअरची सगळी सूट खाऊन टाकणारा. गेन ठरवणारा रेझिस्टर १०० पीपीएम प्रति अंशाचा, म्हणजे ०.१५ टक्के. सकाळ-दुपारच्या फरकाची मुळं या दोघांत होती. रेफरन्स ५० पीपीएमचा, ०.०७५ टक्के. वजन मोजणाऱ्या लोड सेलसारख्या ब्रिजला पुरवठा आणि एडीसीचा रेफरन्स एकाच ठिकाणाहून दिला तर रेफरन्सचा ड्रिफ्ट आपोआप कटतो. शंटमध्ये ती सोय नाही. करंट रेफरन्सला विचारून वाहत नाही.

ॲम्प्लिफायर झीरो-ड्रिफ्ट जातीचा घातला, रेझिस्टर १० पीपीएमचा, रेफरन्स ५ पीपीएमचा. गेनचा ट्रिमपॉट काढूनच टाकला. हलला की सरकणारा आणि तापला की बदलणारा तो भाग, आणि त्याच्यापाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन जाणाऱ्याला आवरणं कठीण. दुरुस्तीचे आकडे आता सॉफ्टवेअरमधल्या फाइलमध्ये, तारखेसकट. एडीसी तोच, १६ बिटांचा.

पुन्हा तुलना

पेटी अर्धा तास चालू ठेवून, झाकण लावून, सगळी साखळी जागेवर असताना १०, २५, ५०, ७५ आणि १०० अँपिअरला संदर्भ शंटशी तुलना केली. करंट चढवत आणि उतरवत, म्हणजे उष्णतेचा उरलासुरला परिणाम लपणार नाही. एक ऑफसेट आणि एक गुणक लावल्यावर सगळ्या बिंदूंवरचा फरक ०.०५ टक्क्याच्या आत राहिला.

फरक लहान आला म्हणजे अचूकता तेवढी झाली असं होत नाही. संदर्भाचीही अनिश्चितता असते. १० अँपिअरची वही मायक्रोव्होल्टमध्ये अशी उतरली: संदर्भ शंटच्या दाखल्याचे ०.५, उष्णतेच्या व्होल्टेजचे १.१५, ॲम्प्लिफायरच्या ऑफसेटचे ०.३, गेन आणि रेफरन्सचे ०.६५, एडीसीचे ०.३, आणि साडेसहा अंकी मल्टिमीटरचे २.१७. हे सगळे प्रमाणित विचलनाच्या मापात. ‘अधिक-उणे इतके’ एवढंच माहीत असेल तिथे तो आकडा तीनच्या वर्गमुळाने भागून घेतलेला. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर २.६, आणि ९५ टक्के विश्वासासाठी दुप्पट केलं तर ५.२ मायक्रोव्होल्ट. ५ मिलिव्होल्टमध्ये हे ०.१०५ टक्के. मागितले होते ०.२. १०० अँपिअरला तशाच हिशोबाने सुमारे ०.०५ टक्के निघतात.

वहीत सर्वांत मोठा आकडा आता मल्टिमीटरचा आहे. १०० मिलिव्होल्टच्या रेंजवर त्याचं वर्षभराचं स्पेसिफिकेशन वाचनाच्या ०.००५ टक्के अधिक रेंजच्या ०.००३५ टक्के. दुसरा भाग वाचन लहान असलं तरी कमी होत नाही: ३.५ मायक्रोव्होल्ट ते ३.५ मायक्रोव्होल्टच. ५ मिलिव्होल्टवर दोन्ही मिळून ३.७५, म्हणजे ०.०७५ टक्के. साडेसहा अंक असूनही. त्यावर उपाय महाग मीटर हा नाही. १० अँपिअरच्या बिंदूसाठी संदर्भ शंट १० मिलिओहमचा वापरला तर मीटरला ५ ऐवजी १०० मिलिव्होल्ट मिळतात, शंटमध्ये वॅट एकच होतो, आणि मीटरची चूक ०.००८५ टक्क्यावर येते. पूर्ण अनिश्चितता मग ०.०६ टक्के. पुढच्या कॅलिब्रेशनला असा शंट घ्यायचं ठरलं आहे.

जुन्या नोंदी

आहे त्या अवस्थेतली तुलना घेतली होती म्हणून जुन्या निकालांकडे परत जाता आलं. १० अँपिअरला लॉगर १०.२० ते १०.२५ दाखवत होता, थंड की तापलेला त्यावर. म्हणजे ज्या बॅटरीची नोंद ८१ अँपिअर-तास होती तिच्यातून खरे ७९ ते ७९.४ निघाले होते. बॅटरी नावाच्या ८० टक्क्यांखाली गेली की बदलायची असा नियम असल्यामुळे, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा फरक पास-नापासचा. १०० अँपिअरच्या चाचण्यांत चूक १ टक्क्याच्या आसपास. ८१ ची नोंद तिथे ८० च्या वरच राहते. पण त्या वेळी चार्जर लावलेला होता की नव्हता याची नोंद कुठेच नाही, तेव्हा त्या निकालांना पाव टक्क्याची धूसरता कायमची चिकटली.

१० अँपिअरला तपासलेल्या आणि ८० ते ८२ च्या दरम्यान नोंदलेल्या सगळ्या बॅटऱ्यांची यादी काढून त्या पुन्हा बेंचवर घेतल्या. नोंदीच्या तक्त्यात आता तीन रकाने जास्त आहेत: पेटीतलं तपमान, चाचणीआधीचा शून्य आणि चाचणी संपल्याबरोबर, शंट गरम असतानाचा शून्य.